येऊन राहिले

सहामाही परीक्षा झाली की 'नभांगण' या अंतराळाच्या खेळबागेला नेईन, असं महामायानं लेकीला कबूल केलं होतं. परीक्षा झाली, सुट्टी लागली, सुट्टी सरतही आली, पण महामायाच्या रात्रपाळ्या काही सरेनात. मोठ्या माणसांना दिलेला शब्द पुढं ढकलता येतो. लेकराला दिलेला ढकलला की ते रोज सकाळी उशाशी येऊन बसतं. शेवटी एका रविवारी दवाखान्यातली रात्रपाळी उरकून ती विष्णुपुरीच्या घरी आली, आंघोळ केली आणि पाठ न टेकता तशीच गाडीत बसली.

गाडी नवरा चालवत होता. प्रेम स्वभावानं थंड माणूस, कचेरीत फायली पुढं सरकवाव्यात तशी गाडी सरकवायचा. त्याच्या शेजारी त्याची माय, चांगुणाबाई, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. ती नातीसाठी हदगावहून सुट्टीपुरती आली होती. मागं महामाया, आणि तिच्या अंगावर रेललेली आठ वर्षांची यशोधरा. घरात तिला यशी म्हणत. यशीचा पुढचा एक दात हलत होता आणि लोहा गाव येईपर्यंत तिनं जिभेनं त्याला ढकलून ढकलून आईचा जीव नकोसा केला.

यशीची एक सवय सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या सवयीवरच आलं. तिला हाक मारली की ती म्हणायची, "येऊन राहिले." आणि यायची नाही. गच्चीवर असो, मोरीत असो, तिथूनच तो लांबलेला सूर यायचा, "येऊन राहिले, मम्मी", मग बराच वेळ चपला फरफटत चालल्याचा आवाज, आणि भाजी गार झाल्यावर बाईसाहेब हजर. आजीला त्यात काही वावगं वाटत नसे. हदगावाकडं सगळेच तसं बोलतात. येऊन राहिले म्हणजे येतेय, एवढाच त्याचा अर्थ.

महामायाला मात्र ते शब्द खुपत. नर्सिंग शिकायला ती पुण्याला गेली तेव्हा होस्टेलच्या मुलींनी तिला त्यावरून छळलं होतं. तिनं "येऊन राहिले" म्हटलं की कुणीतरी विचारायचंच, "येऊन कुठं राहिलीस ग?" ती हसण्यावारी न्यायची आणि रात्री पांघरुणात रडायची. सहा महिन्यांत तिनं ती बोली अंगावरून उतरवून टाकली. लेकीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून ती रोज घोकून घ्यायची, 'येते आहे' असं म्हण. यशी मान डोलवायची, "हाव, म्हणून राहिले."

लोहा मागं पडलं. अहमदपूरच्या अलीकडं, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या काळ्या रानात नभांगण उभं होतं. लांबून दिसणारं रॉकेट जवळ गेल्यावर पाण्याची टाकी निघालं. तिला पत्र्याचं टोक आणि शेपटी बसवली होती. फायबरच्या उडत्या तबकडीखाली भेळ मिळत होती. परग्रहावरच्या हिरव्या माणसांना कुणीतरी पेनानं मिशा काढल्या होत्या. जनरेटरचा धूर, नव्या रंगाचा वास, आणि दिवाळी झाली तरी हटायला तयार नसलेलं ऊन. महामायाचं डोकं ठणकत होतं. तिला त्या हिरव्या माणसांच्या सावलीत आडवं व्हावंसं वाटत होतं, पण यशी तिचा हात ओढत प्रत्येक यंत्रापाशी नेत होती, आणि तिचा आनंद बघून महामायाला आपल्या थकव्याची लाजही वाटत होती.

सगळ्यात शेवटी 'मंगळस्वारी'. एक छोटी गोल शेड, तिला एकच दार, आणि दाराशी छातीला जाळी असलेला पत्र्याचा यंत्रमानव. चांदीच्या रंगाचा झगा घातलेला बालाजी नावाचा माणूस ती स्वारी चालवत होता. त्यानं समजावून सांगितलं की यंत्रमानव एकेकाला विचारतो, उत्तर दिलं की आडवा दांडा उघडतो. चांगुणाबाईंनी गुडघ्याकडं बोट दाखवलं आणि गाठोडं घेऊन त्या बाहेर कडुनिंबाखाली बसल्या.

"आपण येत आहात का?" यंत्रमानवानं विचारलं. आवाज एका बाईचा होता, स्वच्छ, पुस्तकी.

प्रेम "येतो" म्हणाला, दांडा उघडला. महामाया "येते" म्हणाली, उघडला. मग यशीची पाळी आली. तिनं जाळीला तोंड लावलं.

"येऊन राहिले."

दांडा हलला नाही. जाळीमागं काहीतरी घरघरलं.

"आपण राहणार आहात का?"

बालाजी हसला. प्रेमही हसला. महामायाला होस्टेलच्या मुली आठवल्या आणि ती जरा चिडूनच म्हणाली, "यशे, नीट बोल." पण पोरीला गंमत वाटत होती. ती ठसक्यात म्हणाली, "हाव. येऊन राहिले."

"आपले स्वागत आहे," आवाज म्हणाला, आणि दांडा उघडला.

आत अंधार होता आणि दवाखान्यातल्या औषधाच्या खोलीसारखा गारठा. तिघं एका रांगेत बसले. खुर्च्या थरथरू लागल्या, छतावर बारीक दिवे तारे म्हणून लुकलुकले. महामायानं यशीचा हात हातात धरला होता. तो गरम, चिकट, भेळीच्या चिंचेनं माखलेला होता, हे तिला पुढं पक्कं आठवत राहिलं. मग गारठ्यानं आणि अंधारानं तिचे डोळे मिटले. रात्रभर जागलेलं माणूस किती धीर धरणार? मंगळ आला आणि गेला, तिला पत्ता नाही. मधेच आपला हात रिकामा आहे असं तिला झोपेत वाटलं, मग पुन्हा त्यात हात आला.

दिवे लागले तेव्हा यशी ताठ बसून समोर बघत होती. तिचा हात गार होता.

बाहेर पडताना जाळीतून आवाज आला, "दोन प्रवासी परतले. धन्यवाद."

प्रेमनं बालाजीला टोमणा मारला की मशीनला अजून मोजणी शिकवा. बालाजी खजील होऊन म्हणाला की नवीन हाय, चुकतं कधी कधी. महामायानं ऐकलं, पण तिला आता फक्त सावली हवी होती.

कडुनिंबाखाली चांगुणाबाईंनी धपाटे मांडले होते. यशी जरा लांब उभी राहून झाडाकडं बघत होती. आजीनं हाक मारली.

"येते आहे, आजी," यशी म्हणाली. आणि आली.

चांगुणाबाईंचा दही वाढणारा हात तसाच थांबला. प्रेम म्हणाला, मंगळावर जाऊन पोरगी सुधारली. खरं सांगायचं तर महामायालाही आत कुठंतरी बरं वाटलं. इतक्या वर्षांचं घोकणं कामी आलं, आता हिला कुणी हसणार नाही. यशीनं धपाट्याचे छोटे तुकडे केले, एकेक तुकडा सावकाश चावला. सांडलं काही नाही. पुढच्या दातानं तिनं धपाट्याची कडक कड सहज तोडली.

महामाया नर्स होती. तिचं लक्ष गेलंच. तिनं यशीची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि बोटानं तो दात हलवून बघितला. दात घट्ट होता. शेजारचाही घट्ट होता. तिला वाटलं आपण चुकीचा दात बघतोय. तिनं सगळे बघितले.

"काही होत आहे का, आई?" यशीनं विचारलं.

जन्मात तिनं कधी आई म्हटलं नव्हतं.

प्रेम गाडी सावलीतून काढायला गेला. चांगुणाबाई भांडी गाठोड्यात बांधत होत्या. यशीला ऐकू जाणार नाही इतकी ती लांब गेल्यावर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "महामाया, मी हाक मारली तं पोरगी लगीच आली."

"चांगलंच हाय की, आत्याबाई." किती वर्षांनी तिच्या तोंडून 'हाय' निघालं होतं.

"आपली यशी कधी लगीच आली का ग?"

झोप न झाल्यानं माणसाला काहीबाही दिसतं, हे तिनं कित्येक नातेवाइकांना सांगितलं होतं. तेच ती स्वतःला सांगत राहिली. पण पायांनी ऐकलं नाही. पाण्याची बाटली आत राहिली असं सांगून ती उठली, यशीचा हात धरला आणि मंगळस्वारीकडं निघाली. जाताना तिच्या लक्षात आलं की फक्त आपल्याच चपलांचा आवाज होतोय.

ऊन उतरलं होतं. लोक पांगले होते. बालाजीनं झगा काढून खांद्यावर टाकला होता आणि जनरेटर बंद केला होता. इतक्या गोंगाटानंतर ती शांतता कानाला बोचत होती. यंत्रमानवाच्या डोळ्यांतले दिवे विझले होते.

"आत काही न्हाई, मॅडम," बालाजी म्हणाला. "मी झाडून घेतलं समदं."

महामायानं मान हलवली. ती दारापाशी गेली. आत मिट्ट काळोख होता आणि तो औषधाच्या खोलीचा गारठा.

आपण वेड्यासारखं करतोय, हे तिला कळत होतं. तिची लेक तिचा हात धरून उभी होती. तरी तिनं काळोखात हाक मारली, गच्चीकडं तोंड करून रोज मारायची तशी.

"यशे."

काही नाही. बालाजी तिच्याकडं बघत होता.

"यशे, ये ग माय. जायचं हाय घरी."

मग आतून, लांबून, तोच सूर आला. लांबलेला, खेळात रमलेला.

"येऊन राहिले, मम्मी."

बालाजीनं जनरेटरकडं बघितलं. मग दाराकडं. "ते मशीन ऐकलेलं बोलत असंल," तो म्हणाला आणि दोन पावलं मागं सरकला.

महामायानं मोबाइलचा दिवा आत टाकला. तीन खुर्च्या, मागं भिंत. तेवढीच ती शेड. तिच्यात लांब म्हणावं असं काही नव्हतं.

ती आत पाऊल टाकायला गेली, पण हातातला हात सुटेना. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात एवढी ताकद नसते. तिनं खाली बघितलं. मुलगी वर बघत होती, शहाण्या मुलीसारखी, आई दमली आहे हे समजून घेणारी.

"यशे," महामायानं काळोखाकडं बघत पुन्हा हाक मारली. "लवकर ये ग."

"येऊन राहिले."

"ती येऊन राहिली, आई," शेजारची मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली. "मी आले आहे."

बाहेर प्रेमनं गाडीचा हॉर्न वाजवला. आत काळोखात कुणीतरी चपला फरफटत चालत होतं. चालत होतं, चालतच होतं, आणि आवाज जवळ येत नव्हता.