कच्च्या लिंबाची खुर्ची

आमच्या फोरमवर चाळीसेक पोरं होती, सगळी मीरा-भाईंदरची. एरवी टोपणनावांनी एकमेकांवर खेकसायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी केबिन रोडवरच्या सुभाषच्या सायबर कॅफेत जमून गोळीबाराच्या गेमची स्पर्धा खेळायची. साल २००६. कोण कुणाशी खेळणार, याचा ड्रॉ काढायचं काम माझ्याकडे होतं. मी बँकेत नोकरी करते. तक्ते आखायला मला आवडतं, आणि नाकाने कांदे सोलणाऱ्या पोरांना शिस्त लावायलाही.

खेळाडूंची संख्या विषम झाली की रिकाम्या जागी 'कच्चा लिंबू' बसवायचा, अशी पद्धत होती. म्हणजे न येणाऱ्या कुणाचा तरी आयडी लिहायचा, त्याचा पीसी चालू ठेवायचा, हेडफोन खुर्चीवर ठेवायचा. समोरच्याने जरा वाट बघायची आणि न खेळता पुढच्या फेरीत जायचं.

त्या रविवारी दुपारी राजसमोर कच्चा लिंबू म्हणून मी परागचा आयडी टाकला.

पराग माझा धाकटा भाऊ. त्याने राजला सरळ खेळून हरवलं, तर राजने फोरमवर लिहिलं की हा चीटिंग करतो. परागला फोरमवरून काढून टाकलं. कॅफेत शिरला की पोरं फिदीफिदी हसायची. त्याच आठवड्यात काशीमीराच्या नाक्यावर त्याची बाइक ट्रकखाली गेली, तो जागीच गेला. तेव्हापासून मी डूख धरून होते. वेगळ्या नावाने फोरमवर शिरले. मी कुणाची बहीण, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढंच हवं होतं की राजने सगळ्यांसमोर 'मी खोटं बोललो' म्हणावं.

आयडी पाहून राजचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण मॅच सुरू झाली आणि रिकाम्या खुर्चीसमोरच्या पडद्यावरचा माणूस चालायला लागला.

पोरांना वाटलं, सुभाषच मागून कुणाला तरी खेळवतोय. सुभाष उठून सगळ्या पीसींवर नजर टाकून आला. दुसरं कुणीच त्या गेममध्ये नव्हतं. मी खुर्चीजवळ गेले. माउस जागचा हलत नव्हता. पडद्यावरचा माणूस मात्र भिंतीला खेटून, थांबत थांबत पुढे येत होता. पराग असाच खेळायचा. घरी त्याच्या मागे उभी राहून मी शंभरदा पाहिलंय.

राज मरत होता, पुन्हा उभा राहत होता, पुन्हा मरत होता.

"सुभाषभाई, ये कौन खेल रहा है?" त्याने विचारलं. सुभाषने त्या पीसीची नेटवर्कची वायर ओढून काढली. खेळ थांबला नाही.

राजला उठायचं होतं. त्याचे पाय हलले, हात माउस-कीबोर्डवरून सुटले नाहीत.

मी त्याच्याजवळ वाकले. "मी परागची बहीण. काय लिहिलं होतंस, ते खरं होतं का?"

"नाही," तो म्हणाला. सगळी पोरं ऐकत होती. "त्याने चीटिंग नव्हती केली. मी खोटं बोललो. आता थांबवा ना, प्लीज."

वाटलं होतं, एवढं ऐकलं की पोटातली आग निवेल. ती निवली नाही.

मी रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "खेळ, पराग."

एक गोळी सुटली.

दोन्ही पडदे काळे झाले.

राजची मान खाली गेली होती. मग त्याने हेडफोन काढून नीट बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, भूक लागलीय. घरी जाऊया?"

जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली पोरं बाजूला झाली. कुणी हसलं नाही.

आम्ही रिक्षाने घरी आलो. आमच्या इमारतीत आला तो माझ्या पुढे, न विचारता, दुसऱ्या मजल्यावर. आईने दार उघडलं. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आधी हात धू," ती म्हणाली.

तो जेवत असताना त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. पडद्यावर 'मम्मी' असं आलं होतं. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला.

"ताई, कुणाचा गं हा?"

मी तो बंद केला. आईने त्याला गरम पोळी वाढली.