ताईचा थर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हे कुणाला सांगायला जात नाही. बसा. हा छोटा दिवा लावते, मोठा नको, डोळ्यांवर येतो असं ती म्हणते. आणि जरा हळू बोला. स्वयंपाकघरात भांडी वाजतायत ना? ताई आहे. तिकडे बघू नका म्हणजे झालं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि "आता दिसतंय का?" म्हणून विचारायचं. विरंगुळा म्हणून फोनवर चित्रं काढायचे, नुसत्या बोटाने. आमच्या गॅलरीतून मोकळं मैदान दिसतं, पलीकडे रस्ता आणि त्यामागे टेकडी. दोन वर्षं तेच काढत होते. ताई म्हणायची, "अगं, लाजेल आता ती टेकडी. किती बघशील!"

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई-बाबा गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती कपडे शिवते. मशीनवर बसून बसून उजवा खांदा उतरलाय, गळ्यात कायम मापाची टेप, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. संध्याकाळी ती सामान घेऊन मैदानातून घरी यायची, तशी मी तिला एका चित्रात घातली होती. कितीशी? तांदळाच्या दाण्याएवढी. एक निळा ठिपका, वर एक काळा.

त्या अॅपमध्ये चित्र थराथराने रचतात. आकाशाचा एक थर, टेकडीचा एक, ताईचा एक. प्रत्येक थरापुढे बारीकसा डोळा असतो. तो मिटला की थर दिसेनासा होतो, पण असतो. माझं अॅप फुकटातलं, त्यात सहाच थर. सातवा हवा असेल तर आधीचे सगळे एकात मिसळायचे, आणि तेव्हा ज्यांचा डोळा मिटलेला असेल ते थर अॅप टाकून देतं. कायमचे.

आता एक गोष्ट लपवत नाही. हे सगळं घडलं त्याच्या पंधरा दिवस आधी मी चित्रातली पाण्याची टाकी अशीच टाकून दिली होती, कारण दिसायला भिकार होती. दुसऱ्या दिवशी गॅलरीत आले तर मैदानाच्या कडेला टाकी नाही. ताईला विचारलं, तर म्हणाली, "कसली टाकी? झोप झाली नाही वाटतं तुझी." मला वाटलं, खरंच झाली नसेल.

मग तो दिवस. सकाळीच आमचं वाजलं. ती काहीतरी सांगत होती, मी फोनवर ढग रंगवत होते. ती चिडली. "त्या काचेवर बोटं घासत बसतेस, माझ्याशी धड दोन शब्द नाहीत!" मीही फणकारले, "मग नको ना बोलूस!" आणि डबा न घेताच निघाले.

दुपारी दुकानातल्या डोळे तपासणाऱ्याने चित्र पाहिलं. म्हणाला, "झकास आहे, पण तो निळा ठिपका काढा बुवा. नजर तिथेच अडखळते." मी ताईच्या थराचा डोळा मिटला. फक्त बघायला. खरंच, टेकडी मोकळी झाली. मग आणखी एक ढग घालावासा वाटला, तो सातवा थर. अॅपने विचारलं, आधीचे मिसळायचे का? मी 'हो' दाबलं. त्या क्षणी टाकी आठवली का? आठवली असावी. राग डोक्यात होता, एवढंच सांगते.

घरी आले तर दाराला कुलूप. आत एकच खाट. मशीनच्या जागी नुसती फरशी, तिच्या लोखंडी पायांचे डागसुद्धा नाहीत. शेजारणीला विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुठली ताई हो? तुम्ही तर पहिल्यापासून एकट्याच." फोनमधल्या जुन्या फोटोंत मी एका कडेला उभी, आणि बाजूची जागा रिकामी.

रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी सगळीच झाले होते.

तीन दिवस रजा टाकली आणि तिला परत काढायला बसले. चित्र मोठं करत नेलं, दाण्याएवढी जागा पडदाभर झाली. भुवया आल्या, नाक आलं. मग अडलं. तीळ कुठल्या गालावर? हसताना कुठला ओठ वर जायचा? रोज शंभर परक्या चेहऱ्यांवर फ्रेमा बसवणारी मी, आणि सख्ख्या बहिणीचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. ती बोलायची, मी फोनकडे बघून हं हं करायचे. जो चेहरा काढीन तो दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा व्हायचा. भराभर पुसत होते. त्यांतली एखादी दारात उभी राहिली असती तर काय केलं असतं?

पाठ मात्र येत होती. मशीनवर वाकलेली ताई मी मागच्या खुर्चीतून रोज पाहिली होती. उतरलेला खांदा, पाठीवर लोंबणारी टेप, अंबाडा, पेन्सिल. तेवढं काढलं आणि जतन केलं.

घरभर मशीनच्या तेलाचा वास सुटला. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "चहा टाकू का गं?" तिचाच आवाज. ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी धावत पुढे गेले.

पुढेही पाठच होती.

आठ महिने झाले. ती शिवते, स्वयंपाक करते. शेजारीण दारात तिच्याशी गप्पा मारते, कुठे बघून हसते कोण जाणे. मी दुकानात जाते, जेवते, झोपते. भीती वाटते का म्हणाल तर नाही, काहीच वाटत नाही. फोन कपाटात ठेवलाय. तिचं तोंड आठवेल त्या दिवशी बाहेर काढीन.

परवा संध्याकाळी ती भाजी चिरत होती. मी टेबलाशी बसले होते, तिच्यासमोर. अचानक हळूच म्हणाली...

"अजून रागावलीयस का गं?"

"नाही ताई."

"मग अशी का बसतेस? आठ महिने... एकदासुद्धा इकडे तोंड केलं नाहीस."

माझं तोंड तिच्याकडेच होतं.

"ताई, मी समोर बसलेय तुझ्या..."

सुरी थांबली.

"माझीच चूक," ती म्हणाली. "त्या दिवशी तू नाहीशी झालीस... घरात तुझं काहीच उरलं नव्हतं गं. चेहरा आठवायला बसले, तर फोनवर वाकलेली तुझी मानच डोळ्यांपुढे यायची. मग पेन्सिलीने जमलं तेवढंच काढलं मी."