दादाचा डावा हात

हे वाचून कोणी हसलं तरी मले फरक नाही पडत. घडलं ते खरं आहे, अन् माझ्यासोबत घडलं. आमच्या रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, याच मे महिन्यातल्या एका रविवारी.

रात्र नव्हती. भर दुपारचे सव्वातीन वाजले होते.

मी राकेश. माझा मोठा भाऊ संघर्ष नऊ वर्षांपूर्वी गेला.

लहानपणी घरात कम्प्युटर एक, त्यात गोळ्या मारायचा एक जुना गेम, अन् पोट्टे दोन. रोज मारामारी. शेवटी बाबा वैतागले. "वाटून खेळा, नाहीतर वायरच कापतो."

मग आम्ही खरंच वाटून घेतलं. कीबोर्ड दादाकडे, माऊस माझ्याकडे. तो चालायचा, मी मारायचो. दोघं मिळून एक माणूस. मोठे झालो तरी तसंच खेळलो.

मूळ गेम आम्ही धुऊन काढला. मग दादानं त्याचा एक्सपान्शन आणला, म्हणजे जास्तीच्या लेव्हल. बाप रे! ज्यानं तो बनवला त्याचं आम्ही काय बिघडवलं होतं, देव जाणे. शेवटच्या लेव्हलमध्ये एक लोखंडी दार होतं. उघडलं की तीन बाजूंनी राक्षस अंगावर. नेमकं त्याच दारात, चार टक्के जीव उरला असताना, दादाच्या हातून सेव्हचं बटन दाबल्या गेलं. मागचं सेव्ह पुसल्या गेलं.

आता केव्हाही लोड करा, तेच दार अन् तेच चार टक्के.

माझं डोकंच फिरलं. "काहून दाबलं बे? हात नको लावू कीबोर्डले! आता कधीच नको लावू!"

दादा उठला. गाडीची चाबी घेतली अन् सदर बाजाराकडे निघून गेला.

पाऊण तासानं फोन आला... ट्रकनं उडवलं होतं.

ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

यंदा आई म्हणाली, "सोमवारी कबाडीवाला येऊन राहिला. तो कम्प्युटरचा डब्बा देऊन टाकू." मी म्हटलं, दे. पण त्याच्या आधी ते दार पार करतो. दादासाठी एवढं तरी.

सकाळी दहाले बसलो. मेलो. लोड. मेलो. लोड. साठेक वेळा मेलो असेन. दोन्ही हात माझेच, तरी जमेना. पळालो तर मागून मार, थांबलो तर समोरून. टेबलावर बुक्क्या हाणल्या. गेमवाल्याले शिव्या दिल्या. दादालेही दिल्या.

मग कीबोर्डच बंद पडला.

उलटा करून झटकला. वायर काढून लावली. काही नाही. चिडून पलंगावर फेकला अन् शेजारच्या चेतना दीदीकडून दुसरा आणला. तो बाकी सगळीकडे चाले, गेम उघडला की मेला. माऊस मात्र मस्त.

टक.

मी मागं पाहिलं. कोणी नाही. आई आतल्या खोलीत झोपली होती. कुलर फिरत होता... पण त्याचा आवाज येत नव्हता.

टक... टक... टक.

पलंगावरचा जुना कीबोर्ड. वायर खाली लोंबत होती. स्पेसबार तीनदा खाली गेला.

खेळ सुरू करायच्या आधी दादा नेहमी स्पेसबारनं तीन उड्या मारायचा.

बाकीची बटनं अर्धी दबत होती अन् परत वर येत होती. कोणीतरी हात लावायले घाबरून राहिलं होतं.

मग मले समजलं. मीच म्हटलं होतं ना, कधीच नको लावू.

"लाव ना दादा," मी म्हटलं. माझाच आवाज मले ओळखू येईना. "रागात बोललो होतो. चुकलंच माझं. लाव हात."

कुलरचा आवाज परत आला.

अन् स्क्रीनवरचा माणूस चालायले लागला...

मी फक्त माऊस धरला. मागं पाहायची हिंमत नाही झाली. तो डावीकडे सरकला, मी मारलं. तो मागं आला, मी मारलं. पहिल्याच झटक्यात दार पार! मी रडून राहिलो होतो अन् हसूनही राहिलो होतो.

समोर शेवटचा स्विच. तो दाबला की लेव्हल संपली. पण स्विचचं बटन कीबोर्डवर, म्हणजे दादाकडे.

माणूस स्विचसमोर थांबला. तीन उड्या मारल्या.

"दाब ना. काहून थांबला?"

तो मागं सरकू लागला... तोंड स्विचकडे, पावलं उलटी. पूर्ण रस्ता मागं. थेट त्या लोखंडी दारापर्यंत.

टक.

गेम सेव्ह झाला. चार टक्के.

कबाडीवाल्याले मी परत पाठवलं. कीबोर्ड अजून पलंगावरच आहे. चादर बदलताना आई तो उचलते, परत तिथंच ठेवते. मले काही विचारत नाही.

ऑफिसहून आलो की मी रोज माऊस धरून बसतो. मारलेले राक्षस रोज परत उभे असतात. रोज आम्ही दार पार करतो अन् रोज तो स्विचपासून मागं येतो. भीती वाटते, खोटं काहून बोलू. एखाद्या दिवशी तो स्विच दाबेल, याची तर जास्तच वाटते.

अन् तो परत तिथंच सेव्ह करतो, तेव्हा चीड इतकी येते की विचारू नका.

पण तोंडातून अक्षर काढत नाही. एकदा काढलं होतं.