छापा पडला तर दोन ओळी

धुक्यातून समोर आलेल्या गाडीला जेमने हात केला. त्या गाडीतून हात आला नाही.

नॉरफोक बेटावर असं कुणी करत नाही. स्टिअरिंगवरची निदान दोन बोटं तरी उचलायचीच, मग समोर सख्खा भाऊ असो, नाहीतर कुंपणावरून ज्याच्याशी वीस वर्षं भांडण आहे तो शेजारी असो. जेमने आरशात पाहिलं. भाड्याची पांढरी गाडी... म्हणजे बाहेरचा. ती निघणार, तोच ती गाडी हळूहळू मागे येत तिच्या खिडकीशी उभी राहिली.

काच खाली आली. ओले केस, चष्म्यावर वाफ.

"माफ करा, किंग्स्टनला हाच रस्ता जातो ना?"

"हाच. आणि इथे हात करायची पद्धत आहे."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"अच्छा!" तो चष्मा पुसत म्हणाला. "म्हणून तो म्हातारा हात करत होता होय? मागच्या वळणावर. जुनी हिरवी पिकअप, एकच दिवा चालू. मला वाटलं, मला थांबवतोय."

एका दिव्याची हिरवी पिकअप बेटावर एकच होती, आणि ती अकरा वर्षं बेसआत्याच्या कुरणात चाकांशिवाय पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.

"धुक्यात रंग नीट कळत नाही," ती म्हणाली.

"मला कळतो." तो हसला, आणि जेमला नजर काढून घ्यायला जरा उशीरच झाला.

त्याचं नाव डेक्लन फॉय, राहणार ब्रिस्बेन. दुपारी तोच माणूस टोपीवाल्या बायकांच्या बैठकीत दिसला, तेव्हा जेमला फारसं आश्चर्य वाटलं नाही. बेटच केवढं!

त्या सहा जणी वाखाच्या धाग्यांच्या आणि केळीच्या सोपटांच्या टोप्या विणायच्या. जेम त्या इंटरनेटवरून विकायची. रोज पहाटे ती दोन ओळींची एक पोस्ट टाकायची. आज वारा कुठून आहे, कोणाच्या हातात कोणती टोपी आहे, एवढंच. दीडशे लोक ते वाचायचे. बायकांचा प्रश्न साधा होता. पोरगी रोज फोन घेऊन बसते, त्याने टोप्या खपतात का? खपत नसतील तर ते खातं बंद करावं आणि तेवढ्या वेळात तिने विणायला बसावं. याचा निकाल लावायला संख्याशास्त्रज्ञ असलेल्या डेक्लनला बोलावलं होतं.

जेम खाडीच्या वरच्या अंगाला एकटी राहायची. त्या दोन ओळी सोडल्या तर दिवसभरात तिचं कुणाशी बोलणं व्हायचंच असं नाही. हे तिने बैठकीत सांगितलं नाही.

"सहा आठवडे," डेक्लन म्हणाला. "रोज पहाटे नाणं उडवायचं. छापा पडला तर लिहायचं, काटा पडला तर गप्प."

"नाणं कशाला? माझं मी ठरवते."

"तू ठरवलंस तर नाताळाच्या तोंडावर लिहिशील. मग टोपी तुझ्या पोस्टने खपली की नाताळाने, हे कसं कळणार? नाण्याला कसलीच आवड नसते."

"तुझ्यासारखंच की मग."

"मला आहे एक-दोन गोष्टींची आवड..." तो म्हणाला, आणि वहीत नको तितकं वाकून पाहू लागला.

नाणं उडवायला तो रोज पहाटे तिच्या व्हरांड्यात यायचा. खरं तर ते फोनवरही जमलं असतं. पण तसं दोघांपैकी कुणीच सुचवलं नाही.

पहिले तीन दिवस छापा पडला. चौथ्या दिवशी काटा. जेमने फोन उलटा ठेवला, दोघं चहा पीत बसली, आणि खाली वळणावर इंजिनाची घरघर ऐकू आली. धुक्यात एकच दिवा दिसला. थोडा वेळ थांबला... आणि विझला.

"तीच गाडी," डेक्लन हळूच म्हणाला.

पुढच्या काट्याला दिवा चिंचोळ्या पुलापाशी होता. त्याच्या पुढच्या काट्याला पुलाच्याही अलीकडे. छाप्याच्या दिवशी रस्ता रिकामा असायचा. डेक्लनने वहीत नवा रकाना आखला, कारण दुसरं काही करणं त्याला सुचत नव्हतं. जेमने सोळाव्या दिवशी तो रकाना पाहिला. काट्याचे सात दिवस, सातही दिवशी गाडी. छाप्याचे नऊ दिवस, एकदाही नाही. दर वेळी अंतर कमी.

"योगायोग असेल," ती म्हणाली.

"मी योगायोग मोजूनच पोट भरतो, जेम. हा योगायोग नाही."

दोघं बेसआत्याच्या कुरणात गेली. पिकअप जागेवरच होती, चाकांच्या जागी दगड. बॉनेटवर कोंबडी बसली होती. जेमने कोंबडीला हुसकून पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

पत्रा कोमट होता.

बेसआत्याने त्यांना आत बोलावून केळी कुस्करून भाजलेलं पिल्हाय वाढलं. सगळं ऐकून घेतलं तरी तिचे विणणारे हात थांबले नाहीत.

"आमचे हे, तुझे काका, हेच करायचे गं," ती म्हणाली. "ज्याच्याकडून हात आला नाही, त्याच्या घरी जाऊन बघायचे. माणूस आहे का गेला! तुझ्या त्या दोन ओळी म्हणजे हातच की. गेले त्या दिवशीही धुक्यात कुणाला तरी बघायलाच निघाले होते. कड्याखालून गाडी वर काढली, पण माणूस समुद्राने दिला नाही."

"आणि ते दाराशी आले की?" डेक्लनने विचारलं.

"दाराशी उभे राहून विचारायचे, काय, ठीक? ठीक म्हटलं की निघाले."

"कुणी काही म्हटलंच नाही तर?"

आत्याने पहिल्यांदाच मान वर केली. "तर आत यायचे."

खरं तर प्रयोग तिथेच थांबवायला हवा होता. पण प्रयोग थांबला की डेक्लनचं विमान आलं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून नाणं उडत राहिलं. कवड्यांच्या माळेसारखे दिवस एकेक करून सरले. दिवा फाटकाच्या आत आला, मग आंब्याच्या झाडाखाली, मग पायऱ्यांपासून नऊ पावलांवर. डेक्लन रोज पावलं मोजायचा. मोजून परत येताना तो हल्ली जेमच्या शेजारी बसायचा, समोर नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी त्याने आकडे सांगितले. लिहिलेल्या दिवसांत तीस टोप्या, गप्प दिवसांत एकोणतीस.

"म्हणजे... काही उपयोग नाही."

"आकडे तरी तसंच म्हणतात."

"होबार्टच्या त्या बाईने कालची टोपी का घेतली, ठाऊक आहे? चौदा महिने माझं वाचतेय ती. काल काटा होता, तरी घेतली. टोपी कुणी एका दिवसात घेत नाही, डेक्लन. तू एकेका दिवसाचं फळ त्याच दिवशी शोधतोयस."

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण ते सहा आठवड्यांत मोजता येत नाही."

"आणि जे मोजता येत नाही..."

तिने दोघांचे रिकामे कप उचलले.

शेवटच्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की व्हरांड्याचा कठडाही दिसेना. डेक्लनची बॅग गाडीत होती. त्याने नाणं उडवलं.

काटा.

इंजिन लगेचच ऐकू आलं, जणू ते कोपऱ्यावर वाटच पाहत होतं. दिवा सरळ पायऱ्यांशी येऊन थांबला. गाडीचं दार करकरलं. पहिली लाकडी पायरी वाजली... मग दुसरी. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. ओल्या फळ्या मात्र कुणाच्या तरी वजनाने दबल्या होत्या.

कुणी बोललं नाही. तरी विचारलं गेलं होतं, हे दोघांनाही कळलं.

"जेम, म्हण ना ठीक," डेक्लन कुजबुजला. "पटकन म्हण."

"कसं म्हणू?" ती पायऱ्यांकडेच पाहत होती. "तू दुपारी चाललायस. मी ठीक नाहीये. खोटं कसं सांगू त्यांना?"

तिसरी पायरी वाजली. मग व्हरांड्याची फळी.

डेक्लनने उलटा ठेवलेला तिचा फोन उचलला. बोटं दोनदा चुकली. मग त्याने पोस्ट पाठवून दिली.

"अरे, काय केलंस? काटा पडलाय आज!"

"माहीत आहे."

तिने फोन हिसकावून वाचलं. 'आज इथे फार धुकं आहे. मला जेम आवडते, आणि हे मी तिच्याआधी तुम्हाला सांगतोय. — डेक्लन.'

बराच वेळ काहीच हललं नाही. मग फळी हलकी होऊन वर आली, आणि समोरचा दिवा गेला.

तिच्या हातात फोन थरथरला. बेसआत्याने पोस्टखाली लिहिलं होतं : 'आम्हाला कळलं. आता तिला विचार, बावळटा.'

"विचारू?" डेक्लन म्हणाला.

"आधी तुझ्या अहवालाचं काय ते सांग."

"गेला कामातून. शेवटचा दिवस मीच बिघडवला ना. प्रामाणिकपणे सही करता येणार नाही." त्याने चष्मा काढला. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल. बेचाळीस दिवस... निदान."

"मी नाही गप्प बसणार आता. एक दिवससुद्धा."

"गप्प दिवसच नसतील तर तुलना कशाशी करू?"

"ते तू बघ. शास्त्रज्ञ तू आहेस."

तो फक्त तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिने त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

धुकं विरळ होऊ लागलं होतं. अंगणातल्या ओल्या गवतावर चाकांचे दोन पट्टे फाटकापासून पायऱ्यांपर्यंत आलेले दिसत होते. परत गेल्याची खूण कुठेच नव्हती.

जेमने खिडकीतून आत पाहिलं. स्वयंपाकघरात, दार बंदच असताना, एक खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकवलेली होती.

"डेक्लन," ती हळूच म्हणाली, "चहाला तीन कप काढ."