दुसरा ठोका

पटलं तर बघा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि भरदिवसा घडलंय. मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं.

माझा मामा आणि बाबा दोघंही लिफ्ट दुरुस्त करायचे. मामा सहाव्या मजल्यावर मशीनपाशी, बाबा तळाच्या खड्ड्यात. एवढ्या अंतरावरून हाक पोचत नाही, मोबाईल लागत नाही. म्हणून त्यांची पद्धत ठरलेली. खालच्याने लोखंडी रुळावर पाना आपटायचा.

एक ठोका, थांब. दोन ठोके, चालव.

त्या दिवशी मामाने बटण दाबलं. आणि बाबा गेले.

चौकशीत विचारलं, "ठोके किती ऐकलेत?"

मामाला सांगताच येईना.

बाकी सगळं लख्ख आठवत होतं. ग्रीसचा वास. बाबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण. "दाजी, बहिणीला दोरा आणून देऊ का?" ही सकाळची थट्टासुद्धा. फक्त तेवढं अर्धं मिनिट... कोरं.

डॉक्टर म्हणाले, जबर धक्क्याने असं होतं. नको ते ठसून बसतं, हवं तेच सापडत नाही.

मग ते सुरू झालं.

रोज अकरा दहाला, मामाच्या मोरीतल्या पाइपवर... टक्.

एकच.

मामा हातातलं टाकून दुसऱ्याची वाट बघत बसायचा. समोरचा चहा गार व्हायचा. "अहो, नळ आहे तो," मामी समजवायची. पाइपही बदलून झाला. तरी... टक्.

पाहुण्यांना हसवून बेजार करणारा माझा मामा भिंतीला कान लावून रडायचा. "मी दाजींना मारलं का, एवढं तरी कळू दे."

शेवटी आईच म्हणाली, "दादा, ऊठ. तिथेच जाऊन ऐकू."

लिफ्ट तेव्हापासून बंदच होती. वीज तोडलेली, खड्ड्याच्या दाराला कुलूप. आम्ही तिघं वर मशीनच्या खोलीत उभे. मी घड्याळ बघत होते.

अकरा दहा.

मामाने हात बटणावर ठेवला. "दाजी... चालवू का?"

काहीच नाही.

मग खालून, रुळावरून चढत, आमच्या पायाखालच्या फरशीत आला...

टक्.

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो.

मामाने वळून बघितलं. चेहरा पांढराफटक. "परत गेलं गं डोक्यातून. किती झाले?"

आईने त्याचा हात बटणावरून उचलून स्वतःच्या हातात घेतला. "दोन. दोन झाले, दादा. त्यांनीच चालव म्हटलं होतं."

मामाने माझ्याकडे बघितलं.

"दोनच," मी म्हणाले.

तेव्हापासून मामाकडचा आवाज थांबला. तो जेवतो, झोपतो, कामावर जातो. परवा तर त्याने मामीची नक्कलही केली. आईशी मी यावर कधी बोलले नाही. तिने किती मोजले, तिलाच ठाऊक.

आता अकरा दहाला तो ठोका माझ्या ओट्याजवळच्या पाइपवर येतो.

एकच.

मी गॅस बंद करते आणि उभी राहते.