पायऱ्यांची वीज

चेन्नईजवळच्या कोवळमच्या किनाऱ्यावर मी सावली शोधत होते, आणि सावली होती ती एका निळ्या व्हॅनची. मागचं दार उघडं. आत पलंग, पडदे, छोटासा ओटा, ओट्यावर विजेच्या किटलीत उकळतं पाणी. दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, ‘घरात चालतं ते सगळं इथे चालतं.’ मी बाबांशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर व्हॅनवाला माझ्याकडे टक लावून बघत होता.

“मराठी?” तो म्हणाला. “आमीही. कॉफी घेतां?”

त्याचं नाव कार्तिकेय राव. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिथलंच. त्याची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, आणि मधेमधे तमिळ हेल. आयटीतली नोकरी सोडून त्याने ही व्हॅन सजवली होती. तो लोकांना सहलीला नेत असे. कॉफी फार छान होती. पेला देताना तो माझ्या डोळ्यांत बघून हसला... मलाही हसू आलं, हे खरं.

मी त्याला बाबांचं सांगितलं. चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी आम्ही राहतो, तिथल्याच कारखान्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाले तोवर फुप्फुसं थकली. आता ऑक्सिजनचं मशीन दिवसभर लागतं. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरलेला शिलालेख आहे, तो स्वतः वाचायचा ही त्यांची इच्छा. डॉक्टरांची हरकत नव्हती. वाटेत मशीन चालू राहिलं पाहिजे, एवढंच. व्हॅनमध्ये ते चालेल का, असं मी दोनदा विचारलं. सगळें चालतें, असं तो दोन्ही वेळा म्हणाला.

शनिवारी तो आवडीला आला. निघण्याआधी बघून घेऊ म्हणून मी मशीन व्हॅनमधल्या इन्व्हर्टरला लावलं. ते घोगऱ्या आवाजात गुरगुरलं, तापलं, मग धोक्याची शिट्टी वाजवून बंद पडलं. बाबा नवा शर्ट घालून दारात उभे होते. राहू दे गं, असं म्हणून ते आत गेले आणि शर्ट बदलून आले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात विजेच्या अशाच उपकरणांवर काम करते. घरात येणारी वीज लाटेसारखी गोलसर वरखाली होते. इन्व्हर्टर बॅटरीच्या विजेची तशी लाट बनवतो. स्वस्तातला मात्र लाटेऐवजी पायऱ्या बनवतो. किटलीला पायऱ्या चालतात, बाबांच्या मशीनमधल्या मोटरला नाही. हे सगळं मी त्याला सुनावलं, आणि वर म्हटलं, “ज्याची माहिती नाही ते दारावर रंगवू नये.”

त्याने कपाटातून इन्व्हर्टरचा खोका काढून दाखवला. त्यावर ‘शुद्ध लाट’ असं ठळक छापलेलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

“खोटें मी नाहीं बोललों,” तो म्हणाला. “पण खोटें माझ्या गाडींत होतें. चला.”

त्याने इन्व्हर्टर घेतला होता त्या माउंट रोडमागच्या गल्लीतल्या दुकानात आम्ही गेलो. मी पायऱ्यांचं सांगू लागले, तर दुकानदार कार्तिकेयकडे बघून बोलायला लागला. मॅडमना जरा समजावा, मशीनच जुनं असणार... मी समोर उभी असून नसल्यासारखी.

“त्यांनाच विचारा,” कार्तिकेय तमिळमध्ये म्हणाला. “मला यातलं काही कळत नाही. म्हणून तर तुम्ही मला फसवू शकलात.”

दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला. कार्तिकेय शांतपणे बाहेर गेला, व्हॅन दुकानासमोर आडवी लावली, मागचं दार उघडलं आणि कॉफी करायला घेतली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कॉफी द्यायचा आणि माझ्याकडे बोट दाखवायचा. मी व्हॅनमधला मिक्सर त्या इन्व्हर्टरला लावून त्याची घरघर ऐकवायची आणि कारण सांगायची. ऊन चढलं, घामाने केस कपाळाला चिकटले, माझा घसा बसला. त्याने काही न बोलता माझ्या पेल्यात साखर वाढवली. मी गोड पिते, हे त्याला कधी कळलं कोण जाणे... मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो घाईघाईने किटलीकडे बघू लागला.

चार-पाच गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली, आणि दुकानदार स्वतः नवा इन्व्हर्टर घेऊन बाहेर आला. या खेपेस माझ्याकडे बघत.

पुढचा आठवडा कामावरून परतताना मी रोज तांबरमला, तो व्हॅन ठेवायचा त्या शेडवर उतरले. सामानासाठी वेगळी बॅटरी बसवली, म्हणजे गाडीची बॅटरी उतरून ती सुरू व्हायची अडचण नको. जाड वायर टाकल्या, फ्यूज लावला. तो पाने-पकडी देत होता, मी चिडत होते — दुकानदारावर, उकाड्यावर, त्याच्या ‘बरें, बाई’वर. बाबांचं मशीन लावलं, तेव्हा ते घरच्यासारखंच चाललं.

मग तंजावरला गेलो. देवळात आतपर्यंत बाबांना ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर नेलं. भिंतीपाशी ते बराच वेळ बोट फिरवत एकेक शब्द वाचत राहिले. कळेना तिथे कार्तिकेय सांगायचा. बाबा रडत होते आणि हसतही होते.

परत येऊन बाबांना व्हॅनमध्ये मशीन लावून झोपवलं. आम्ही दोघं बाहेर, झाडाखाली बसलो. सबंध वाटेत तो माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलला नव्हता. ते मला झोंबत होतं.

“दुकानदाराशी भर गल्लीत भांडता,” मी म्हटलं, “आणि माझ्याशी दोन शब्द बोलायला जड जातं?”

तो बोटांनी माती उकरत राहिला. “उद्यां चेन्नईला पोचलों की काम संपलें,” तो म्हणाला. “राग होता तोंवर तुमी रोज येत होतां. आतां मशीन नीट चालतें. म्हणून... काय बोलूं, कळेना.”

“म्हणजे मी भांडायलाच येत होते, असं वाटलं तुम्हाला?”

“नव्हे?”

खरंच संताप आला मला. फ्यूज तर मी पहिल्याच संध्याकाळी लावला होता. उरलेल्या संध्याकाळी मी नीट बसवलेल्या वायर काढून पुन्हा बसवत होते, आणि याला ते दिसलंसुद्धा नव्हतं. मी तसं सांगितलं त्याला, चांगलं रागावून, आवाज चढवून.

त्याने मान वर केली. मातीने भरलेला हात पँटला पुसला आणि पुढे केला... अर्ध्यावरच थांबला.

“अजून रागावलां आहां?”

“खूप,” मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला.