शुक्रवारचा घास

“आज शुक्रवार! तोही ईस्टरआधीच्या उपासांतला... आणि तू गोमांस खाल्लंस?” इस्पितळातल्या खाटेवरून होनोरा गेराटींचा क्षीण आवाज थरथरला. “शेजारच्या डोलनबाईंनी पाहिलं तुला, मागच्या खोलीत वाडगाभर खिमा चापताना! माझ्या मयताचं जेवण आत्ताच उरकतेस का गं?”

डीलिया खाली मान घालून उभी राहिली. नवरा बंदरातल्या अपघातात गेल्यापासून तिला सासूखेरीज कुणीही उरलं नव्हतं... आणि आता सासूही लिंबासारखी पिवळी पडून विझत चालली होती. जनावराचं यकृत खाल्ल्याने रक्त न बनण्याचा हा आजार हटतो म्हणत, पण त्यांना ते घशाखाली उतरत नव्हतं.

“त्यांच्या जठरात कसलासा रस पाझरत नाही,” डॉक्टर एलरी म्हणाले होते. “निरोगी जठरात तो असतो. कसा दिसतो, काय आहे, देव जाणे! त्याच्याशिवाय मांस खाऊनही रक्त बनत नाही.” म्हणून रोज सकाळी डीलिया खिमा खाई, तासाभराने नळीने तो पोटातून बाहेर काढवून घेई. मग तो उबेत ठेवून, गाळून, सासूच्या नाकातल्या नळीतून पोटात सोडत. कळलं तर त्या नळी उपटून फेकतील, म्हणून डॉक्टरांनी तोंड उघडू नको असं बजावलं होतं.

“चालती हो! तोंड दाखवू नकोस!”

अश्रू गिळत डीलिया निघाली. दुसऱ्या दिवशी मात्र मागच्या जिन्याने आली आणि निमूटपणे खायला बसली.

उपचाराच्या आठव्या दिवशी डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी ओढलं. “पाहा, नव्या रक्तपेशी! कालपर्यंत जवळजवळ नव्हत्याच!” डीलिया भिंगाला डोळा लावून पाहतच राहिली. आपण ज्याला साधं पोट म्हणत आलो, त्यात परमेश्वराने न बोलता केवढं दान दडवून ठेवलं होतं!

होनोराबाई उठून बसल्या होत्या, पाव मागत होत्या. आता डॉक्टरांना राहवेना. त्यांनी सारं सांगून टाकलं.

सासूने तिला बोलावलं. “शुक्रवारी खाताना भीती नाही वाटली?”

“वाटली, आई.”

“नरकाची?”

“नाही... तुम्ही जाल, याची.”

होनोराबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

“शनिवारी फादरकडे कबुली द्यायला एकटी जाऊ नकोस. खाल्लंस तू, अंगी लागलं माझ्या... पाप दोघींचं आहे, पोरी!”